काळद्रव्य आणि आमच्या ताई

स्वाध्यायात सहा द्रव्यांचा पाठ निघाला की जीव आणि पुद्गल यांवर आपण तास-तास बोलतो. धर्म-अधर्म द्रव्यांसाठी मासा आणि पाणी, वाटसरू आणि झाडाची सावली हे ठरलेले दाखले आहेतच. आकाश कुणालाही पटतं. काळद्रव्य आलं की मात्र घाई होते. 'काळ म्हणजे काळ, त्यात काय समजायचं?' असं म्हणून पान उलटतं. खरं तर सगळ्यात जास्त थांबावं असं हेच द्रव्य. सहांपैकी हे एकटंच अस्तिकाय नाही. आपल्या दिगंबर परंपरेत कालाणू मानले आहेत. लोकाकाशाच्या एकेका प्रदेशावर एकेक, रत्नांच्या राशीसारखे शेजारी-शेजारी, पण कधीही एकमेकांत न मिसळणारे. प्रत्येक वस्तू क्षणाक्षणाला बदलत असते. त्या बदलाला निमित्त होणं, म्हणजेच वर्तना, हे काळाचं काम. हा झाला निश्चय काळ.

आणि व्यवहार काळ? तो आपल्या ओळखीचा. समय, आवली, घटिका, मुहूर्त, अहोरात्र, पक्ष, महिना, वर्ष आणि पुढे पल्योपम-सागरोपमापर्यंत. तो सूर्यचंद्राच्या फिरण्यावरून मोजायचा आणि शास्त्रानुसार तोही फक्त अडीच द्वीपांपुरता. त्यापलीकडे सूर्य-चंद्र स्थिर आहेत, म्हणून तिथे आपल्यासारखे दिवस-रात्र नाहीत. वस्तू मात्र तिथेही बदलतातच. म्हणजे आपल्या आचार्यांना पक्कं माहीत होतं की घड्याळ वेगळं आणि काळ वेगळा.

आपल्या बायकांचा सगळा धर्म या व्यवहार काळावर चालतो. दोन घटिकांची, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक. सूर्यास्ताआधीचं जेवण. अष्टमी-चतुर्दशी. गाळलेल्या पाण्याची मर्यादा, पिठाची मर्यादा, लोणच्याची मर्यादा. आपल्या स्वयंपाकघरात घड्याळ आणि पंचांग दोन्ही लागतात. म्हणूनच मला हा प्रश्न कित्येक वर्षं पडलेला आहे: ज्या माणसाच्या मनातलं हे घड्याळच विस्कटलेलं आहे, त्याचं काय? तो आपल्यापेक्षा कमी माणूस होतो का? आणि त्याच्याशी खरं बोलायचं म्हणजे कुणाच्या काळातलं खरं?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या ताई, गेली पस्तीसहून जास्त वर्षं आमच्याकडे भोपाळमध्ये राहतात. सासरे भेलच्या नोकरीमुळे विदर्भातून इकडे आले आणि कुटुंब इथलंच झालं. ताईंचं लग्न १९८६ साली झालं. वर्षभरात त्यांना आवाज ऐकू येऊ लागले आणि १९८८ साली सासरच्यांनी त्यांना एका सुटकेससह परत आणून सोडलं. आजाराचं नाव पुढे कळलं, स्किझोफ्रेनिया. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, पण आमच्याकडे 'ताईंची तब्येत' एवढंच म्हणतात.

आवाज, संशय, भीती यांबद्दल लोकांना थोडंफार माहीत असतं. ताईंच्या काळाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. त्यांची तब्येत बिघडलेली असते तेव्हा त्या म्हणतात, "हे आधीच झालंय. तू आत्ता करून दाखवतेयस." रेडिओवर गाणं लागलं की म्हणतात, "बंद कर गं, सुटं सुटं येतंय." बोलता बोलता मध्येच थांबतात आणि वाक्याचं दुसरं टोक सापडत नाही. कधी चहाचा कप हातात धरून तासभर बसतात आणि चहा गार झाल्याचं त्यांना नवल वाटतं, कारण त्यांच्या लेखी तो आत्ताच दिलेला असतो. आणि एक गोष्ट रोजची. सासरे जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण ताईंची खात्री आहे की ती बातमी खोटी होती आणि बाबा त्यांना न्यायला येणार आहेत. कधी? आज. उद्या नाही, परवा नाही. रोज आज. जुनी पिशवी भरून त्या दाराशी बसतात. संध्याकाळ होते, बाबा येत नाहीत आणि सकाळी पुन्हा 'आज' उगवतो, कालचा दिवस नव्हताच असा.

गाण्याचं ते 'सुटं सुटं' मला फार दिवस कळलं नव्हतं. मग एका लेखात एडमंड हुसर्ल या जर्मन तत्त्वचिंतकाचा विचार वाचला. १९०५च्या सुमारास त्यांनी काळाच्या जाणिवेवर व्याख्यानं दिली आणि उदाहरण घेतलं सुरावटीचं. विचार करा, गाण्यातला एक सूर कानावर पडतो तेव्हा आधीचा सूर तर संपलेला असतो आणि पुढचा अजून आलेला नसतो. मग चाल ऐकू येते कशी? तर नुकताच गेलेला सूर मनात अजून रेंगाळत असतो आणि येणाऱ्याकडे मन आधीच झुकलेलं असतं. रेंगाळणं, असणं आणि झुकणं या तिघांच्या विणीतून आपला 'आत्ता' तयार होतो. ही वीण उसवली तर चाल उरत नाही, सूर उरतात. वाक्य उरत नाही, शब्द उरतात. हायडेलबर्गचे मनोविकारतज्ज्ञ थॉमस फुक्स यांनी हाच धागा धरून स्किझोफ्रेनियाकडे पाहिलं आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. कापड फाटलेलं नसतं, धावदोरा निघालेला असतो.

प्रयोगशाळेतही याला आधार मिळतो. किती सेकंद गेले, दोन दिव्यांतला आधी कोणता लागला, अशा साध्या चाचण्यांत या रुग्णांचे अंदाज इतरांपेक्षा जास्त डळमळीत येतात. डोपामिन नावाच्या मेंदूतल्या ज्या रसायनाशी हा आजार जोडला जातो, त्याचाच काळाच्या अंदाजाशीही संबंध आहे. लंडनच्या सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० सालचा एक प्रयोग तर गमतीचा वाटेल. आपल्याला आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत, कारण हात हलायच्या आधीच मेंदूने 'हे मीच करणार आहे' असं नोंदवून ठेवलेलं असतं. ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा आपल्याला दुसरंच कुणी चालवतंय असं वाटतं, त्या रुग्णांना मात्र स्वतःचा स्पर्श आणि परक्याचा स्पर्श यांत फारसा फरक जाणवला नाही. ती आगाऊ नोंद चुकली की आपलंच मन आपल्याला परकं होतं. ताई म्हणतात, "माझा विचार माझ्या आधी पोचतो." मला वाटतं त्या अगदी नेमकं सांगत असतात.

दोन शब्द आजाराविषयीही सांगते, कारण गैरसमज फार आहेत. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिला. एका शरीरात दोन माणसं, असं सिनेमात दाखवतात तसं यात काही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे ढोबळमानाने तीनशेत एकाला हा आजार आहे. तो बहुधा ऐन तारुण्यात येतो, पुरुषांना थोडा लवकर आणि बायकांना थोडा उशिरा. तीनशेत एक म्हणजे आपल्या मंदिराच्या दर्शनाच्या रांगेत कुणी ना कुणी आहेच. फक्त त्यांना रांगेत आणलं जात नाही.

आता एक गोष्ट पॅरिसची सांगते, कारण आमच्या घराला तिची फार मदत झाली. ब्लॉयलर यांच्या हाताखाली काम केलेले यूजीन मिंकोव्स्की नावाचे डॉक्टर १९२२ साली एका रुग्णाच्या घरी दोन महिने राहिले. रात्रंदिवस त्याच्यासोबत. सहासष्ट वर्षांच्या त्या गृहस्थाची खात्री होती की आपल्याला आज रात्री भयंकर पद्धतीने मारणार. शिवाय जगातला सगळा उष्टा-खरकटा कचरा, सिगारेटची थोटकं, काड्या, सगळं आपल्या पोटात भरणार. रोज संध्याकाळी भीतीचा कहर. रोज सकाळी तो जिवंत. डॉक्टर त्याला समजावत, बघा, मी म्हणालो तसंच झालं ना, काही झालं नाही. त्यावर त्याचं म्हणणं असं की आतापर्यंत तुम्ही बरोबर ठरलात हे कबूल, पण म्हणून उद्याही बरोबर ठराल असं कुठे आहे? तर्कशास्त्राच्या दृष्टीने बघा, तो चुकत नव्हता! उद्या सूर्य उगवेल हे तरी कोण सिद्ध करून देऊ शकतं? आपण ते सिद्ध करत नाही, आपण त्यावर पाऊल टाकतो. मिंकोव्स्की यांना उमगलं ते असं की भीतीमुळे या माणसाचा उद्या बंद झालेला नाही. उद्या आधी बंद झालाय, म्हणून भीती एवढी मोठी झालीय. कालच्या दिवसावर आजचा दिवस चढत नाही, दिवसांची बेरीज होत नाही. काळाच्या अशा अनुभवावर त्यांनी पुढे १९३३ साली मोठं पुस्तक लिहिलं.

त्या गृहस्थाला रोज मरण येणार होतं, आमच्या ताईंचे रोज बाबा येणार असतात. एकाची भीती, एकीची आशा. पण दोघांनाही उद्या नाही. हे एकदा लक्षात आलं की 'अहो, काल नाही आले, परवा नाही आले, मग आज कसे येतील?' हा आपला बिनतोड युक्तिवाद किती पोकळ आहे ते कळतं. काल-परवाचा पुरावा तिथे चालतच नाही. ते नाणं त्या राज्यातलं नाही.

भोपाळमध्ये राहणाऱ्या माणसाला थांबलेला काळ नवा नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधली ती रात्र, युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट. इथे आजही जन्म, लग्न, घर घेतल्याची तारीख 'गॅसच्या आधी' आणि 'गॅसनंतर' अशी सांगितली जाते. ३ डिसेंबरला शहराला सुट्टी असते, सर्वधर्म प्रार्थना होते. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवायला २०२५चा जानेवारी उजाडला. चाळीस वर्षं ती रात्र तिथे पोत्यांत भरून ठेवलेली होती म्हणा ना. त्या वेळी बंगळुरूच्या निम्हान्सचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांच्यासारखे मनोविकारतज्ज्ञ इथे आले, गॅसपीडितांचं मन तपासलं गेलं, दवाखान्यांतल्या डॉक्टरांना त्यासाठी प्रशिक्षण दिलं गेलं. मनाच्या जखमाही मोजायच्या असतात हे या शहराने फार मोठी किंमत देऊन शिकलं. ताईंच्या आजाराचं खापरही काही लोक गॅसवर फोडतात. डॉक्टर तसं म्हणत नाहीत. आमचं घर त्या बाजूला नव्हतंही. पण लोकांना कारण हवं असतं.

मला यातला फरक सांगायचा आहे. जेव्हा एका शहराचा काळ थांबतो तेव्हा सगळे एकमेकांना साक्षी असतात. स्मारक होतं, सुट्टी मिळते, 'आम्हाला ती रात्र आठवते' असं म्हणणाऱ्याला कुणी वेडं म्हणत नाही. एकट्या माणसाचा काळ थांबला तर त्याला साक्षीदार नसतो. तो दाराशी पिशवी घेऊन बसला की शेजारीण पदराआड हसते.

आता आपल्या समाजात मला जी दोन उत्तरं नेहमी मिळतात त्यांच्याविषयी. पहिलं उत्तर भोळं आहे. "अहो, तुमच्या ताई तर सदा वर्तमानात! मुनी महाराज आयुष्यभर साधना करतात ते यांना आपोआप मिळालं." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हे खरं नाही. आपल्याकडे वर्तमानात राहणं म्हणजे भूत-भविष्य पुसणं नव्हे. प्रतिक्रमण भूतकाळाच्या दोषांचं, आलोचना वर्तमानाची, प्रत्याख्यान पुढच्या काळासाठी. तिन्ही काळ हातात नीट धरता येतात, म्हणून साधू मधल्या क्षणात स्थिर बसू शकतो. त्याचा क्षण भरलेला असतो. ताईंचा क्षण फाटलेला असतो आणि त्यातून भीती आत येते. ज्याने घर सोडलं आणि ज्याचं घर पडलं, ते दोघेही झाडाखाली बसलेले दिसतात, म्हणून दोघांना एकच म्हणायचं का? पडलेल्या घराला तपश्चर्या म्हणणं ही निर्दय स्तुती आहे.

दुसरं उत्तर कडू आहे: पूर्वकर्म. सासूबाईंना एका बाईंनी भर मंदिरात विचारलं होतं, "मागच्या जन्मी काय केलं असेल हो तुमच्या मुलीने?" असातावेदनीय कर्माचा उदय असेल, मी नाकारत नाही. पण दाढ दुखली की आपण तो उदय भोगत बसतो, की दातांच्या डॉक्टरकडे जातो? मोतीबिंदू, मधुमेह, हाडाचं फ्रॅक्चर यांच्या वेळी कुणी मागचा जन्म काढत नाही. मनाच्या आजारालाच तेवढं कर्म लावायचं, हा सिद्धांत नाही, ही सोय आहे. कर्मसिद्धांत स्वतःला जबाबदार धरण्यासाठी आहे, दुसऱ्याला दोषी धरण्यासाठी नाही. आपल्या चार दानांत आहारदान आणि शास्त्रदान यांच्या बरोबरीने औषधदान आणि अभयदान सांगितलं आहे. या आजारात नेमकी हीच दोन लागतात. गोळी वेळेवर देणं हे औषधदान. आणि ज्याला क्षणाक्षणाला भीती वाटते त्याला 'इथे तुला कुणी काही करणार नाही' असं वाटेल असं घर देणं, यापेक्षा शुद्ध अभयदान कोणतं?

उलट टोक काय असतं तेही बघा. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. देवाच्या दारी बरे होतील म्हणून त्यांच्याच घरच्यांनी त्यांना तिथे आणून ठेवलं होतं. आता २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. तरी 'पाहुणे आले की मागच्या खोलीत' ही साखळी कोणत्या कायद्यात बसवायची?

ओघाने थोडं व्यवहाराचंही सांगते. रात्रिभोजनत्यागामुळे रात्रीची गोळी आणि उपवासामुळे दिवसाची गोळी बंद करणाऱ्या घरांची नावं मी घेत नाही, पण अशी घरं आहेत. हे औषध बंद केलं की लगेच काही दिसत नाही. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आजार परत उसळतो आणि तोवर आपण गोळीचा संबंध विसरलेलो असतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, आम्ही सूर्यास्तानंतर काही घेत नाही, वेळ बदलून देता का? आमच्या डॉक्टरांनी ताईंची वेळ बदलून दिली. पर्युषणातही गोळी चुकत नाही. आपलं व्रत आपल्यासाठी असतं. ज्याला ते कळून घेता येत नाही त्याच्यावर ते लादलं तर त्याचं पुण्य कुणाच्या खात्यावर जाणार?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. ताई दाराशी बसून मला विचारतात, "बाबा निघाले का गं?" काय सांगायचं?

'हो, येतील' म्हटलं तर असत्य. सत्य अणुव्रत घेतलेल्या बाईने रोज सकाळी खोटं बोलायचं? 'बाबा गेले, एकोणीस वर्षं झाली' म्हटलं तर घड्याळाच्या दृष्टीने ते खरं. पण ताईंच्या दृष्टीने मी त्या क्षणी बाबांना मारते किंवा त्यांना कोंडून ठेवणाऱ्यांना सामील होते. एका मावससासूबाईंचं मत होतं की सत्य ते सत्य, एकदा ठणकावून सांगावं. त्यांनी सांगितलंही. तीन दिवस ताई जेवल्या नाहीत आणि चौथ्या दिवशी पिशवी पुन्हा दाराशी होती.

आपल्या आचार्यांनी असत्याची व्याख्या करताना केवळ घडलं-न घडलं एवढंच पाहिलेलं नाही. जे वचन प्राण्याला पीडा देतं ते घडलेल्या गोष्टीविषयी असलं तरी अप्रशस्त ठरतं. अहिंसा मूळ व्रत आणि बाकीची व्रतं तिचं कुंपण. पण म्हणून गोड खोटं बोलायची मुभा मिळते असंही मला वाटत नाही. रोज 'येतील' म्हणत राहिलं तर मी त्यांच्या भ्रमाला स्वतःच्या हाताने खतपाणी घालते आणि बऱ्या दिवसांत त्यांना ते आठवलं तर माझ्यावरचा विश्वास जातो. मग मी शोधायला लागले की दोन्ही काळांत खरं असेल असं वाक्य आहे का. आहे. "बाबांची फार आठवण येतेय ना?" हे घड्याळाच्या काळातही खरं आहे आणि ताईंच्या काळातही. ताई कधी मान हलवतात, कधी रडतात, कधी बाबांच्या सायकलविषयी बोलायला लागतात आणि मी पिशवीशेजारी बसून भाजी निवडते. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की तेही घरच्यांना हेच सांगतात: भ्रमाशी वाद घालू नका, भ्रमाला होकारही देऊ नका, त्यामागच्या भावनेला उत्तर द्या. अनेकांत म्हणजे 'तुझंही बरोबर, माझंही बरोबर' असं गुळमुळीत बोलणं नव्हे. ज्या अपेक्षेने समोरचा बोलतोय ती अपेक्षा शोधायचे कष्ट घेणं म्हणजे अनेकांत. ताईंची अपेक्षा वेळेची नसतेच. 'मला न्यायला कुणी येणार आहे का?' असा तो प्रश्न असतो. १९८८ साली त्यांना परत आणून सोडलं होतं, हे विसरून कसं चालेल?

त्या परत पाठवण्याविषयीही बायकांनी माहिती ठेवावी. हिंदू विवाह कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. १९७६च्या दुरुस्तीनंतर त्यातल्या घटस्फोटाच्या कारणांत मानसिक विकाराचं स्पष्टीकरण देताना स्किझोफ्रेनियाचं नाव आहे. हे नाव वाचून पुष्कळ माहेरं आधीच हातपाय गाळतात. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच रामनारायण गुप्ता यांच्या खटल्यात सांगितलं की नुसतं आजाराचं लेबल पुरेसं नाही. आजार इतका आणि असा हवा की जोडीदाराने एकत्र राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. म्हणजे चिठ्ठीवरचं नाव दाखवून बाईला सुटकेससह दारात सोडता येत नाही.

ताईंचे चांगले महिनेही असतात, हे सांगायलाच हवं. तेव्हा त्या लोणच्याच्या फोडी माझ्यापेक्षा सुबक करतात आणि नातवंडांना णमोकार शिकवतात. अशाच एका चांगल्या काळात त्या मला म्हणाल्या, "मला पुन्हा तसं व्हायला लागलं ना, तर खोलीला कडी लावू नका. दवाखान्यात न्या, पण तू सोबत राहा." २०१७च्या कायद्यात यासाठी जागा आहे. अग्रिम निर्देश म्हणतात त्याला. माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीने कुणी बोलावं. आम्ही ते लिहून घेतलं. पुढच्या खेपेला ताई ओरडत होत्या, "मला कुठेही नेऊ नका!" मग कोणत्या ताईंचं ऐकायचं? लिहून देणाऱ्या की ओरडणाऱ्या?

मी पर्याय आणि द्रव्य यांचा आधार घेतला. दोन्ही पर्याय ताईंचेच आहेत, एक खरा आणि एक खोटा असं नाही. म्हणून ओरडणाऱ्या ताईंना गप्प करायचं नाही, त्यांची भीतीही खरी मानायची. पण चांगल्या काळात त्यांनी जो शब्द दिला तो त्यांचं प्रत्याख्यान होता, येणाऱ्या काळासाठी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा. ज्या बाईच्या हातात उद्या टिकत नाही, तिने मोठ्या कष्टाने एकदा उद्याला हात घातला होता. तो हात सोडून देणं मला जमलं नसतं. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं, कडी लावली नाही आणि मी सोबत राहिले.

आणि आपला, सांभाळणाऱ्यांचा काळ? 'तुझी सगळी वर्षं यात गेली गं' असं मला बायका म्हणतात. मूळचे महाराष्ट्रातले आणि कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या याच आजाराला सोबत करता करता पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४चा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्या पुढाकारातून आला. अतुल कुलकर्णींनी साकारलेला त्यातला आजारी भाऊ आणि त्याला आपल्या घरी आणणारी बहीण ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. असे सगळे सांभाळणारे एकत्र बसले की पहिला प्रश्न 'बरे कधी होतील?' हा नसतो. 'आमच्यानंतर कोण?' हा असतो. माझाही तोच आहे. मी पंचावन्नची, ताई साठीच्या. त्यांना उद्या नाही, म्हणून त्यांच्या उद्याचा सगळा भार माझ्याकडे आहे.

समय या शब्दाचा आपल्याकडे एक अर्थ काळाचा सूक्ष्म अंश आणि दुसरा अर्थ आत्मा. सामायिक म्हणजे त्या समयापाशी येणं. ताईंच्या मनातलं घड्याळ बिघडलं असेल, त्यांच्यातला समय बिघडलेला नाही. हे मानत असू तर काही करायला हवं. आपल्या समाजाने गावोगावी पांजरपोळ बांधले, लंगड्या गाईची आणि पंख तुटलेल्या कबुतराची सोय केली. या आजाराच्या माणसाला दिवसाचे दोन तास बसायला जागा मात्र कोणत्या धर्मशाळेत आहे? पाठशाळेची खोली सकाळी अकरापासून रिकामी असते. तिथे एक सतरंजी, निवडायला थोडं धान्य, चार शांत बायका आणि महिन्यातून एकदा डॉक्टर, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. पैसे फार लागत नाहीत. वेळ लागतो आणि तो आपल्याकडे आहे. मी मंडळाच्या बैठकीत हे मांडणार आहे. कुणाच्या घरी मागच्या खोलीत कुणी असेल, तर त्यांचं नाव सांगायची गरज नाही. किती जणांसाठी सतरंजी लागेल तेवढं कळवा.